गुणाबाईची फाईल

फुकट म्हटलं की व्यंकटच्या डोक्यात तिडीक जायची, आणि ती काही उगाच नव्हती. भूकंप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा. किल्लारीकडचं घर, बाप, आठ दिवसांची बहीण, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. उरले तो आणि त्याची आई गुणाबाई. मग मदतीच्या ट्रकमधून जुने कपडे यायचे. त्याच्या वाट्याला एकदा बायकी स्वेटर आला आणि पोरं खदाखदा हसली. तेव्हाच गड्यानं ठरवलं, उपाशी राहीन, पण फुकटचं घेणार न्हाई.

मायलेकरं चाकूरजवळ आजोळी आली. व्यंकट शेतीत राबला, संसाराला लागला, पुढं गावच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष झाला. शाळेला दहा संगणक मिळाले तेव्हा तिथं शिकवणाऱ्या नांदेडच्या मालविका मॅडम म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, यावर मुक्त सॉफ्टवेअर टाकू. विकत घ्यायची गरज नाही. आपण वापरावं, दुसऱ्या शाळेला द्यावं, बिघडलं तर आपणच उघडून दुरुस्त करावं."

"म्हंजे फुकटच की!" व्यंकट उसळला. "आमच्या लेकरांनी काय खैरातीवर शिकायचं? लातूरच्या क्लासवाल्यांचं पॅकेज घ्या. त्यांची पोरं डॉक्टर होऊन राहिलीत."

"पण त्यात भरलेलं सगळं त्यांच्याच यंत्रावर राहतं, साहेब. चावी त्यांच्याकडं."

"एवढी मोठी कंपनी, पळून जातीय का काय?"

झालं! अध्यक्षापुढं बोलायची कुणाची बिशाद? पॅकेज आलं.

त्याच वर्षी मॅडमनी पोरांना काम दिलं, घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या भूकंपाच्या आठवणी त्यांच्याच आवाजात त्या पॅकेजमध्ये भरून ठेवायच्या. व्यंकटची लेक मनस्विनी आजीला शाळेत घेऊन गेली. गुणाबाईनं पंचवीस वर्षांत त्या पहाटेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तिनं नातीला खोलीबाहेर पाठवलं, दार लावलं आणि अर्धा तास बोलत बसली.

घरी आल्यावर व्यंकटला म्हणाली, "तुझ्या बहिणीचं बारसं राहिलं बघ. चारच दिवस राहिले हुते. नाव म्या मनात धरलं हुतं. बारशाआधी सांगू नाही म्हणून कुणालाच सांगितलं न्हाई, तुझ्या बापाला सुदीक. तुझ्या तोंडावर सांगाया गेले की रडू येतंय. आज तिथं सांगून आले. ऐक तू."

"ऐकतो की, माय."

पण ऐकायला छाती लागते हो! दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेला, दोनदा फवारणी राहिलीय म्हणून मागं फिरला. काय घाई हाय, माय तर घरातच हाय, असं मनाला समजावत राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी गुणाबाई बसल्या जागी गेली.

तेरावा झाल्यावर तो शाळेत गेला. मनस्विनीनं संगणक लावला. पडद्यावर एकच ओळ आली, सेवा बंद झाली आहे. व्यंकट तडक लातूरला गेला. कंपनीच्या जागी दुसऱ्याच क्लासची पाटी लागली होती आणि जिन्यात पोरांची ही गर्दी. जुनी माणसं कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मालविका मॅडमनी पंधरा दिवस खटपट केली, शेवटी हात टेकले. "आवाज आपल्या संगणकात नव्हताच, व्यंकटराव," एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं होतं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ते त्याला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी नायगावच्या एका शाळेत मॅडम मुक्त सॉफ्टवेअरबद्दल सांगायला निघाल्या, तेव्हा व्यंकट आपण होऊन सोबत गेला. तिथल्या समितीतले निवृत्ती पाटील ऐकून घेईनात. व्यंकट उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आपलं आपल्यापाशी ठेवा, दादा. माझं गेलंय म्हणून सांगून राहिलो."

"असं काय गेलं तुमचं?" पाटलांनी विचारलं.

"बहिणीचं नाव गेलं."

पाटलांना काही उमगेना. "नाव गेलं? काय हुतं नाव?"

"तेच तर मला माहीत न्हाई," व्यंकट म्हणाला.