न्हाणीतला नळ

नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, हे इनायातच्या बिऱ्हाडात थट्टेवारी नेलं जायचं. मग गेल्या आठवड्यात सहा वर्षांची नात, लमीस, ओल्या पायांनी न्हाणीत गेली आणि करंटने तिला भिंतीवर फेकलं. पोर वाचली. पण इनायातने दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला.

भिंतीतली वायर सडलीय, करंट नळात उतरतो, भिंत फोडून नवी घाला, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं. सांगायला काय जातं! अलेक्झांड्रियातल्या जुन्या भाड्याच्या घरात मालकाच्या सहीशिवाय छिन्नी लावली की मालक कोर्टात आणि भाडेकरू रस्त्यावर. सरकारात तक्रार करावी, तर इंजिनियर ‘इमारत धोकादायक’ असं लिहून मोकळा, म्हणजे पुन्हा रस्त्यावरच. इकडे आड, तिकडे विहीर. घरमालक हाजी शौकी हे पुरतं ओळखून होते, आणि म्हातारे भाडेकरू कधी खपतात याची वाट बघत बसले होते.

त्या दुपारी बोलावलं म्हणून ते वर आले, चहा प्याले, पण सहीच्या कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही.

“उम्म हानी,” मुलाच्या नावाने, हानीची आई म्हणून तिला हाक मारत ते म्हणाले, “वायरिंगला काय धाड भरलीय? माझ्या वडिलांनी घातलंय. तुमच्या मनाचे खेळ सगळे.”

“आणि पोरगी फेकली गेली ती?” इनायातने कोपऱ्यात चित्रं काढत बसलेल्या लमीसकडे बोट केलं.

“घसरली असेल.”

इनायातची तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची बांग झाली.

“नमाजाची वेळ झाली, हाजी. वजू इथेच करा ना, हातपाय धुवून घ्या. न्हाणी तुमचीच आहे.”

आता नाही कसं म्हणणार? हाजींनी सावकाश मोजे काढले, बाह्या सारल्या आणि आत गेले. इनायात स्वयंपाकघराच्या दाराशी, मेन स्विचजवळ उभी राहिली. मरू दे मेल्याला, असं एकदा मनात आलंच. पण हात काही ऐकेना. तिने खटका खाली ओढून वीज बंद केली.

हाजी निथळत बाहेर आले. “बघा. कुठंय करंट?”

खोलीतला पंखा बंद पडलेला त्यांनी पाहिला नव्हता. इनायातने खटका वर केला. पंखा फिरू लागला, आणि हाजींची नजर पंख्यावरून तिच्या हातावर, तिथून स्वतःच्या ओल्या पायांवर आली.

“नळ नीट बंद झाला नाही, हाजी. पाणी वाया जातंय. बंद करून या.”

“तुम्हीच करा.”

“मला भीती वाटते. मनाचे खेळ.”

हाजी जागचे हलेनात. आत पाणी वाहत होतं.

“मी करते, आजी,” म्हणत लमीस उठली आणि न्हाणीकडे पळाली.

खटका खाली ओढून इनायात वळते न वळते तोच हाजींनी झेप घेऊन उंबऱ्यावर पोरीचं मनगट पकडलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “नळाला हात लावू नको, बाळा.”

इनायातने कागद आणून त्यांच्यासमोर धरला. पोरीचं मनगट न सोडताच हाजींनी डाव्या हाताने खिशात पेन चाचपलं.