राहीच्या दातावरचा पापुद्रा

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा पापुद्रा आहे. कपबशीचा नव्हे, दातावरचा. करंगळीच्या नखाएवढा. दातांचे डॉक्टर मला व्हेनिअर म्हणतात.

माझा जन्म १९८६ साली मुंबईत, दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात बनवून देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला घडवणारा महिपत हा रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळच्या एका वाडीतला. त्याची धाकटी बहीण राही गावी बालवाडीत शिकवायची. लहानपणी ती विहिरीच्या पायरीवर पडली, पुढच्या दाताला मार बसला आणि दात हळूहळू काळवंडला. तेव्हापासून ती तोंडावर हात धरूनच हसे. महिपतला ते बघवत नसे.

त्याने राहीला मुंबईला बोलावले; ओळखीच्या डॉक्टरांनी तिचा दात थोडा घासून त्याचा साचा दिला. मग महिपतने पांढरी भुकटी पाण्यात कालवली, बारीक कुंचल्याने थर चढवले, भट्टीत भाजले. पहिला पापुद्रा फिका निघाला, दुसरा तडकला. तिसरा मी. डॉक्टरांनी मला राहीच्या दातावर चिकटवले. "रंगच गेलाय ना नुसता? मग एक्स-रे कशाला?" असे ते म्हणाले. महिपतनेही आग्रह धरला नाही. त्याला बहिणीचे हसू बघण्याची घाई झाली होती.

राही गावी परतली ती मोकळी हसतच. बायका म्हणत, "भावानं दात केलान, पण ओळखू येत नाय हो!" मी फुलून जाई. मित्रांनो, तेव्हा मला ठाऊक नव्हते की माझ्या पाठीमागचा दात आतून केव्हाच मेला आहे.

वर्षभराने हिरडी ठणकू लागली. मग तिच्यावर बारीक पुळी आली. ती फुटे, पू येई, पुन्हा भरे. राही मिठाच्या पाण्याने चुळा भरी, लवंगेचे तेल लावी. महिपतचे पत्र यायचे, "दात कसा आहे?" ती लिहायची, "छान आहे." बालवाडीत ती पोरांना गाणी म्हणून दाखवायची, तीही हळूहळू बंद झाली. ठणका वाढला की ती जीभ माझ्यावर दाबून धरी. मला सगळे कळत होते, पण मी तिच्या तोंडात असूनही मला तोंड नव्हते.

शिमग्याला महिपत घरी आला. राहीचा ओठ नाकापर्यंत सुजलेला होता.

"कधीपासून हाय ह्या?" त्याने विचारले.

"झाला वर्स."

"वर्स? आणि मला चिठी नाय टाकलीस?"

"तू एवढा जीव लावून केलंस, दादा. तुला वाईट वाटला असता."

महिपतने तिचा ओठ हलक्या हाताने वर करून हिरडी पाहिली.

दुसऱ्या दिवशी एसटीने तो तिला रत्नागिरीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून उजेडात धरला. "पडली तेव्हाच दाताची नस मेली होती. आधी मुळाचा इलाज करायला हवा होता. तुम्ही वर झाकण बसवलंत. आता मुळाभोवतीचं हाड झिजलंय. दात वाचायचा नाही."

"आणि दुखायला लागल्याबरोबर आणला असता तर?" महिपतने विचारले.

"तर बहुतेक वाचला असता."

दात काढला. वाटीत पडला तेव्हा मी त्याला तसाच घट्ट चिकटलेला होतो. मला साधा चराही पडला नव्हता. राहीने आरशात एकदा पाहिले आणि आरसा पालथा ठेवला. परतीच्या एसटीत महिपतने मला त्या दातासकट रुमालात बांधून खिशात ठेवले होते.

पुढे महिपतने तिला काढता-घालता येणारा दात करून दिला. तो ती वापरते, पण गाणे ती पुन्हा म्हणाली नाही. मी महिपतच्या कामाच्या मेजावर एका डबीत आहे. कोणाचे काम आले की आता तो डॉक्टरांनाच आधी विचारतो, "साहेब, एक्स-रे काढलात काय?" काही डॉक्टर चिडतात. दोघांनी तर त्याच्याकडे काम देणे बंद केले. तरी तो विचारतो.

मित्रांनो, दात ठणकला तर त्याच दिवशी घरात सांगा. ज्याने प्रेमाने काही दिले, त्याला वाईट वाटेल म्हणून दुखणे गिळू नका. त्याला वाईट वाटेल, पण दात वाचेल. मी अजूनही पहिल्या दिवसासारखा चमकतो, आणि त्याचीच मला लाज वाटते.