रिंगला हरकत

"सोपानराव, रिंग टाकावी लागेल," डॉक्टर म्हणाले आणि माझे सासरे ताडकन उठले. "आमची हरकत हाय!"

रिंग रोडच्या विरोधात दोन वर्षं गावच्या मीटिंगा गाजवलेला माणूस. रिंग म्हटलं की यांना जमीन गेलेलीच दिसते. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी चित्र काढलं. बिडीने, बीपीने हृदयाच्या रक्तवाहिनीची आतली भिंत दुखावते. तिथे चरबी शिरते, वर्षानुवर्षं थर चढतो, भिंत कडक होते, वाट अरुंद. मग एक दिवस थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद. रिंग म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळी.

"ऐंशी टक्के बंद आहे."

"मोजणी कुणी केली? आमाला नोटीस न्हाई."

संमतीच्या कागदावर सहीच्या जागी त्यांनी मोठ्या अक्षरात 'हरकत' लिहिलं आणि घरी येऊन बिडी पेटवली. मला असा संताप आला!

तिसऱ्या दिवशी दुपारी ते छाती धरून कोसळले. ॲम्ब्युलन्स बोळाच्या तोंडाशीच थांबली. आमच्या कुरुळी गावातल्या या बोळातून पूर्वी बैलगाडी जायची. पण कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने खोल्या द्यायच्या म्हणून सासरे दरसाल हातभर पुढे सरकले. आधी पायरी, मग ओटा, मग संडास. समोरच्या गॅरेजवाल्या बरकतभाईंनी तक्रार केली की म्हणायचे, "माणूस जातोय की अजून!"

माणूस जात होता. स्ट्रेचर गेलं नाही. संडास आणि गॅरेजची भिंत यांच्यामध्ये ते सासऱ्यांसकट गच्च रुतलं. पुढे होईना, मागे येईना. आमची गुठळी झाली होती आणि मी रडत होते.

बरकतभाई घण घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "पाडा संडास."

"हरकत..." स्ट्रेचरवरून क्षीण आवाज आला.

सासूबाई वाकल्या. "अवो, किती टक्के बंद हाय?"

सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घामाने थबथबले होते. "शंभर," ते म्हणाले. "पाडा."

चार घावांत वाट झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी फाइलमधला तोच कागद पुढे केला. सासऱ्यांनी पेन धरलं, आधीच्या 'हरकत'पुढे 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.