नेटला मोटर

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ईश्वरप्पांना पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअरची नोकरी लागली. तसं काही झालेलं नाही. त्यांचं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान आहे, ते गुरुवार सोडून रोज दहाला उघडतं, आणि घरात या विषयावर कोणी बोलत नाही.

नोकरी हवी होती पुतणीला, शिवलीलाला. तीन कंपन्यांनी नाकारल्यावर चौथीने गुरुवारी अकराला व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली होती. घरात चार चुली आणि नेटचं कनेक्शन एक. एकाने काही बघायला घेतलं की बाकीच्यांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. म्हणून तिने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला, त्यावर लिनक्स टाकलं आणि सगळ्यांचं नेट त्यातून वळवलं. आता तो प्रत्येकाला ठरलेला वाटा देणार, कोणाचा वाटा पडून असला तर तेवढ्यापुरता दुसऱ्याला देणार, आणि गुरुवारी साडेदहा ते बारा मोठा वाटा तिचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिने ते घरच्यांना समजावून सांगितलं.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून तिने सोपं पडावं असं उदाहरण घेतलं. कॉम्प्युटर म्हणजे टाकी. वाटा म्हणजे कॉक. गुरुवारी तुमचे कॉक थोडे बारीक करणार. घराने मान डोलावली. घराला त्यातलं एवढंच कळलं, की गुरुवारी नेट येणार नाही.

गुरुवारी पहाटेपासून घर नेट भरायला बसलं. मल्लव्वा आत्याने मालिकेचे दोनशे बारा भाग फोनात उतरवायला लावले. धाकट्या भावाने, बसूने शिवलीलाच्या मोबाइलचा दिवसभराचा डेटासुद्धा हॉटस्पॉटवरून भरून घेतला. तिने जाब विचारला तर म्हणाला, पडून होता, वाया गेला असता.

शिवलीला चिडली, पण घाबरली नाही. साडेदहाला सगळ्यांचे कॉक आपोआप बारीक झाले. अकराला कॉल लागला आणि समोरच्या बाई 'नमस्कार'मधल्या 'न'वरच थिजल्या.

तिने आकडे पाहिले. वाटे बरोबर पडत होते, फक्त वाटायला काही उरलं नव्हतं. वायर चाचपत ती जिन्याखाली पोचली. तिथे नेटवाल्याच्या डब्यातून दुसरी एक पिवळी वायर निघून, लिनक्सला वळसा घालून, थेट चुलत्यांच्या खोलीत गेली होती.

"काका, हे काय?"

"मोटर," ईश्वरप्पा शांतपणे म्हणाले. "कॉकच्या आदीच लावली. पाणी वडायला पेठेत समदेच लावतात की."

ती वायर उपटायला वाकली तर आत्या आडवी आली. आत्याही आता मोटरवर आली होती. एकशे नव्वदावा भाग उतरत होता, मधे तोडलं तर पहिल्यापासून भरावं लागेल. शेवटी काकांनी उदारपणे स्वतःचा फोन देऊ केला. म्हणजे दिला नाही. मोटरच्या वायफायवर कॉल लावून, तिच्यासमोर हाताने धरून उभे राहिले.

चित्र स्वच्छ आलं. बाईंनी विचारलं, एखाद्या ग्राहकाने तुमच्या शेपिंगच्या, म्हणजे नेटचे वाटे पाडणाऱ्या मशीनला बगल देऊन थेट लाइन जोडली, तर ती कशी शोधाल?

शिवलीलाने तोंड उघडलं. फोनमागून उत्तर आलं.

"समद्यांचे नळ बंद करायचे आन मीटर बघायचा. काटा तरी फिरतोय? मग वाटेत मोटर हाय. माणसाला लगीच चोर म्हनू नका. आदी विचारा, त्याचा कॉक एवढा बारीक केला कुनी."

बाईंनी फोन उलटा करायला सांगितला. पुढची वीस मिनिटं शिवलीला काकांसमोर फोन धरून उभी होती.

संध्याकाळी तिच्या पत्त्यावर अभिनंदनाचा मेल आला, काकांच्या नावाने. तो तिने चारदा वाचला आणि उत्तर लिहायला बसली.

"महोदया, निवड झालेले श्री. ईश्वरप्पा हे माझे सख्खे चुलते असून ते नोकरीस इच्छुक नाहीत. त्यांनी दिलेली उत्तरे ही एकत्र कुटुंबाची सामाईक मिळकत असल्याने ती माझ्या नावे वर्ग करून, रुजू होण्याचा आदेश माझ्या नावे काढावा. चुलत्यांचे ना-हरकत पत्र अपलोड होत आहे. ते पूर्ण पोचेपर्यंत सदर जागा रिकामी ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."