उजवा कौल

झिलू गुरवाने पाण्यात बुडवलेली पाकळी देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, अंगठ्याने जराशी दाबली आणि तशीच दुसरी डाव्या खांद्यावर लावली.

"उजवी पडली तर बेळगाव, डावी पडली तर दांडेली," मागे न बघताच तो म्हणाला. "समद्यांनी ऐकलं न्हवं?"

"ऐकलं," परशुराम म्हणाला. त्याच्यापासून चार हात लांब उभ्या असलेल्या शंकर मास्तरांनीही मान हलवली. ज्या पोरीचा कौल होता त्या बायजाला कुणी विचारले नाही. ती आईच्या मागे उभी होती आणि देवाच्या खांद्यांकडे बघत होती.

झिलूने हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले. परशुरामाची लेक बारावीची पीयूसी पास झाली, चेंडूच्या खेळात तिचे नाव राज्यात गेले, आता दोन कॉलेजे तिला बोलावतात, तर कुठल्या वाटेला लावायची ते बा देवा तूच सांग. प्रत्येक वाक्याला पुरुषमंडळी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. सॉफ्टबॉल हा शब्द काही झिलूला जमला नाही. जमला नाही म्हणून देवाचे अडले असेल असेही नाही.

गेले पंधरा दिवस परशुरामाच्या घरात दुसरा विषय नव्हता. बायजाला खेळ शिकवणाऱ्या शंकर मास्तरांना बेळगाव हवे होते. तिथले कॉलेज विद्यापीठाच्या सामन्यांत ए डिव्हिजनमध्ये खेळे, दांडेलीचे बीमध्ये. ए डिव्हिजन म्हणजे नेमके काय, हे रामनगरात मास्तरांखेरीज कुणाला धड ठाऊक नव्हते. पण बीच्या आधी ए येतो एवढे परशुरामालाही कळत होते. तरी त्याचे मन दांडेलीवर होते. दांडेली आपल्याच जिल्ह्यातली. तिथले सर स्वतः जीप घेऊन घरी आले होते, ओटीवर बसून पोहे खाऊन गेले होते. बेळगावात पोरीला दोन वर्षे नुसते बाकावर बसवतील, आम्ही पहिल्या दिवसापासून खेळवू, असे ते म्हणाले होते. शिवाय ते बायजाबरोबर रुक्मालाही घ्यायला तयार होते. रुक्मा म्हणजे बायजाचे चेंडू झेलणारी, सहावीपासूनची जोडीदारीण. बेळगावला ती नको होती. त्यांच्याकडे झेलणाऱ्या तीन-तीन होत्या.

मास्तर आणि परशुराम एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा परशुरामाच्या बायकोने, सावित्रीने, जेवायला वाढता वाढता म्हटले, "देवाला इचारा की. तुमी दोघं किती दिस भांडणार?"

आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त बायजाने हातातला घास परत ताटात ठेवला.

तिचा उजवा खांदा गेला होता. मार्चमध्ये राज्याच्या शिबिरात सहा-सहा तास हात गरागरा फिरवून खालून चेंडू टाकताना एका सकाळी आत काहीतरी चटकन ओढले गेले. तेव्हापासून हात छातीच्या वर गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. ती डाव्या हाताने केस विंचरत होती, कळशी डाव्या कमरेवर घेत होती. आईने विचारले तेव्हा "रात्री उशी वाकडी झाली" म्हणाली. चेंडू अजून टाकत होती, पण त्यात दम नव्हता, आणि हे दुसऱ्या कुणाला नाही तरी झेलणाऱ्या रुक्माला कळणारच.

"दांडेलीचा फारम भरंस्तवर कुणाला बोलू नगंस," रुक्मा म्हणाली होती. "तू न्हाई तर मला कोण घेतंय? मग हायच, काजूच्या बिया फोडायच्या आन लगीन."

बायजाने तिला वचन दिले होते. एकदा मात्र न राहवून ती मास्तरांच्या घरी गेली होती. मास्तरांनी तिला आत बोलावले, पाकिटातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि त्यातला तिचा पुसट फोटो बायकोला पुन्हा एकदा दाखवला. आठ वर्षे ह्या माणसाने माळावरचे दगड वेचून मैदान केले होते, फाटके ग्लोव्ह स्वतः दाभण घेऊन शिवले होते. स्वतःच्या मुलाकडे बघितले नसेल इतके तिच्याकडे बघितले होते. बायजा म्हणाली, "सर, ग्लोव्हची वादी तुटलीया." मास्तरांनी लगेच दाभण शोधायला घेतले.

आता देवळात ती उभी होती, आणि देवाला दोनच खांदे होते. तिसऱ्या उत्तराला जागाच नव्हती.

पाकळ्या पडेनात. समईची वात एकदा सारून झाली, झिलूने गाऱ्हाणे दुसऱ्यांदा घातले. बाहेर एक बस येऊन गेली. परशुरामाने पाय बदलला. डावी पाकळी थोडी सरकली, सगळे पुढे वाकले, पण ती तिथेच थांबली.

झिलू मागे वळला. देव बोलत नसला की काय करायचे ते त्याच्या बापाने त्याला शिकवले होते, आणि ते तो आनंदाने करत असे.

"देव अडून बसलाय," तो म्हणाला. "गाऱ्हाण्यात कायतरी दडवलेलं हाय. ज्याच्या पोटात असंल त्यानं हितं ओकायचं. त्याबिगर पाकळी हलायची न्हाई."

मग शंकर मास्तरांनी घसा खाकरला.

"माझी एक चूक झाली आहे," ते परशुरामाकडे न बघता म्हणाले. "मी बेळगावला कळवून टाकलं. मुलगी येते म्हणून. यादीत नाव घातलंय त्यांनी."

"मला न इचारता?"

"न विचारता."

परशुरामाचा चेहरा तांबडा झाला, मग हळूहळू उतरला. "मी तरी कुठं सरळ हाय," तो पुटपुटला. "दांडेलीवाल्यांचा नारळ घिऊन बसलोय. शबुद दिलाय त्येंला."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. आधी मास्तरांना हसू फुटले की परशुरामाला, हे सांगता येणार नाही.

"मी बी येताना मनात देवाला बेळगावच सांगून आले," सावित्री पदराआडून म्हणाली. "तितं माजी भन हाय. पोरीकडं कोनतरी बघंल."

आता झिलूसुद्धा हसला. पंधरा दिवसांची अढी बघता बघता सुटली. परशुरामाने मास्तरांना तंबाखूची डबी पुढे केली आणि देवळात असल्याचे ध्यानात येऊन परत खिशात घातली. बायजाला वाटले, हेच आपले घर, हीच आपली माणसे. ह्यांना सांगायला आपण एवढे का भ्यालो?

"आनि कोन?" झिलूने विचारले. त्याची नजर फिरत फिरत तिच्यावर थांबली. "तुज्या पोटात काय हाय का गो बाय?"

खांबाला टेकलेल्या रुक्माने मान वर केली आणि अगदी थोडी, नाही म्हणून हलवली.

बायजा आईच्या मागून पुढे आली. किती सोपे होते. चार शब्द, आणि मग बेळगाव नाही, दांडेली नाही, रात्री कुशीवर वळताना उशी चावणे नाही. आप्पा ओरडतील, सर खाली बसतील, रुक्मा जन्मात बोलणार नाही. पण मग संपेल.

"माजा हात," ती म्हणाली.

तेवढ्यात पाकळी पडली.

"उजवी!" परशुराम ओरडला. "उजवी, मास्तर! पडली!"

झिलूने घंटा बडवायला सुरुवात केली. सावित्रीने बायजाला कुशीत ओढले, नेमके उजव्याच बाजूने, आणि तिच्या तोंडून निघालेला आवाज घंटेत कुणाला ऐकू आला नाही. शंकर मास्तर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते, पण चष्म्यापेक्षा डोळेच जास्त ओले होते. परशुरामाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि दांडेलीचा नारळ आपण स्वतः जाऊन परत देऊ, देवापुढे काय कुणाचे चालते, असे म्हणाला. रुक्मा पायरीवर बसून चपलेचा अंगठा सारखा करत होती. मग ती उठली आणि कुणाला न सांगता उताराला लागली. बायजा तिची वेणी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"ये गो, परसाद घे," झिलूने हाक मारली.

गाभारा कमरेइतक्या उंच जोत्यावर होता आणि झिलू आत उभा होता. कौलाची पाकळी ज्याची त्याने उजव्याच हातात घ्यायची असते. बायजाने हात वर न्यायला सुरुवात केली. छातीपर्यंत तो गेला आणि तिथे अडला. तिने डावा तळवा उजव्या कोपराखाली लावला आणि हात खालून वर ढकलला.

"बघा मास्तर," परशुराम म्हणाला. "दुसऱ्या हाताचा आधार दिऊन घेतिया. आमच्या आज्याच्या येळची रीत. कुनी शिकवली न्हाई हो तिला."

"बेळगावात असलंच वळण लागतं," मास्तर म्हणाले. "ए डिव्हिजन आहे ती."

झिलूने पाकळी तिच्या तळहातावर ठेवली. हात थरथरत होता. त्याने तो बघितला, मग तिच्या तोंडाकडे बघितले.

"तू काय सांगत हुतीस? हाताचं?"

सगळे थांबले. आई हसत होती. मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते ऐकायला एक पाऊल पुढे आले.

"काय न्हाई," बायजा म्हणाली. "धुवायचा ऱ्हायला हुता."