लिस्बनची मॅच आणि दाराबाहेरचा ह्यूई

१९६७च्या मे महिन्यात सेल्टिक हा फुटबॉल संघ युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि ग्लासगोत रोझलीनचा नवरा ह्यूई कुठल्याच कामाचा उरला नाही. वेड रोझलीनलाही तेवढंच होतं. पण घरात वेडं व्हायची चैन एकालाच परवडत होती.

लिस्बनचा सामना टीव्हीवर लागला आणि सुरुवातीलाच समोरच्या इंटर संघानं पेनल्टीवर गोल ठोकला. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"पांढऱ्या पायाचा आहेस. तू बघितलंस की बुडालंच. ऊठ, बाहेर हो."

जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करणारा तो दांडगा गडी मुकाट्यानं जिन्यात जाऊन बसला. पण गप्प बसेल तर शपथ. सारखी दारावर टकटक.

"किती झाले?"

"तेवढेच."

"आपले कसे खेळतायत?"

"बघू दिलंस तर सांगेन ना."

उत्तरार्धात त्यानं चहा मागितला. कटकट नको म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, आणि अख्खी इमारत हादरली. बरोबरी झाली होती.

"काय हाणला गं," सासूबाई म्हणाल्या. "होतीस कुठं?"

रोझलीननं किटली तिथंच जमिनीवर आदळली आणि टीव्हीसमोर बसकण मारली. पुन्हा टकटक.

"रोझलीन, अगं आहेस का मेलीस?"

"मेले," ती म्हणाली. हलली मात्र नाही. जरा वेळानं टकटक थांबली. सामना संपत आला असताना सेल्टिकचा दुसरा गोल झाला, तो तिनं डोळे भरून पाहिला, आणि चक्क सासूबाईंना मिठी मारली.

शिट्टी वाजल्यावर तिनं दार उघडलं, तर जिना रिकामा. रस्ता माणसांनी फुललेला, त्यात हा कुठंच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये सापडला. गुडघ्यांवर बसलेला, कानांत बोटं घातलेली. तिनं त्याचा हात खाली ओढला.

"संपली. दोन-एक."

"कुणाचे दोन?"

याला रात्रभर असंच तंगवावं, असं तिच्या अगदी मनात आलं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आपले."

ह्यूई बाकावर डोकं टेकून ढसाढसा रडला. ती शेजारी बसून राहिली. मग त्यानं नाक पुसलं.

"बघ, मी बाहेर बसलो म्हणून जिंकलो. पुढच्या वर्षीही बाहेरच बसेन."

"बस. पण जिन्यात नको," रोझलीन उठत म्हणाली. "शहराबाहेर, पार पेस्लीला जाऊन बस."