हलके काम

वजनकाट्यावर चढण्याआधी वेलांटीमास्तरांनी चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कानामागची लाल पेन्सिलही काढून किल्ल्यांशेजारी ठेवली.

"पेन्सिलीचं असं कितीसं वजन, मास्तर?" डॉक्टर हसले.

"असू दे. आकडा बिनचूक हवा."

काटा त्र्याऐंशीवर थांबला. सहा महिन्यांपूर्वी तो सत्त्याण्णववर होता. तेव्हा पाठ्यपुस्तकांचा ऐन हंगाम होता आणि मास्तर छापखान्यातल्या आपल्या टेबलावरच आडवे झाले होते. रोज चौदा तास एका खुर्चीत बसून प्रुफं तपासायची, डाव्या हातानं जेवणाचा डबा उरकायचा, आणि छातीवर सतत कुणीतरी मांडी घालून बसलेलं. डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं, चालायला लावलं, नाडी मोजायला शिकवलं आणि कामावर परतताना चिठ्ठी दिली, 'यांना काही काळ हलके काम द्यावे.'

मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली होती. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही म्हटल्यावर समाधानानं घडी घालून व्यवस्थापकांच्या हातात दिली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाचे दोन अर्थ दिसू नयेत, याला काय म्हणायचं! व्यवस्थापकांना ते बरोब्बर दिसले.

"हलकं काम," ते चष्म्यावरून बघत म्हणाले होते. "आपला शिपाई तसाही सोडून गेलाय. चौथ्या मजल्यावरची प्रुफं खाली यंत्रावर पोचवा, येता-जाता चहाचे कप गोळा करा. लिफ्ट मालाची आहे, तिच्यात चढू नका. तेवढाच आयता व्यायाम."

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले, कारण न हसणं जास्त लाजिरवाणं झालं असतं.

त्यांची खुर्ची त्यांच्याच शिष्येला मिळाली. पहिल्या दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल त्या दिवशी उठते." दुसऱ्या महिन्यात मान वर न करता म्हणू लागली, "कप न्या हं, सर."

आज मास्तर फक्त एका ओळीसाठी आले होते.

"डॉक्टर, 'नेहमीचे काम करण्यास हरकत नाही' एवढं लिहून द्या. मला माझी खुर्ची परत हवी आहे."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, नाडी पाहिली.

"एकशेवीस-ऐंशी! नाडी बहात्तर! झोप लागते?"

"लागते."

"दिवसाला किती जिने होतात?"

"वीसेक वेळा वर-खाली."

"आणि मी तुम्हाला परत त्या खुर्चीत नेऊन बसवू? मला काय तुम्हाला मारायचंय?" डॉक्टरांनी आनंदानं कागद ओढला आणि लिहिलं, 'प्रकृतीत उत्तम सुधारणा. सध्याचेच काम पुढे चालू ठेवावे.'

"ते काम माझं नाही हो, डॉक्टर."

"जिवापुढं माझं-तुझं कसलं आलंय, मास्तर?"

आपण लोकांचे उष्टे कप उचलतो, हे मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं. मग त्यांनी चपला घातल्या, किल्ल्या उचलल्या आणि ते निघाले.

व्यवस्थापकांनी चिठ्ठी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि सूचनाफलकावर टाचली.

"काय मास्तर, काढायचीय का हिच्यात काही चूक?"

पुन्हा हशा पिकला. शिष्याही हसली.

"नाही," मास्तर म्हणाले. "शुद्ध आहे."

दुपारी शिष्येनं त्यांच्या हातात एका मुखपृष्ठाचं प्रूफ दिलं. खाली तिची सही होती. तिचा एक हात मान चोळत होता, दुसरा बिस्किटांच्या पुड्यात. चार महिन्यांत ती खुर्चीभर झाली होती.

"पटकन पोचवा, सर. यंत्र थांबलंय. तीस हजार प्रती आहेत, चूक निघाली तर नोकरी जाईल माझी. सकाळपासून छातीवर नुसतं दडपण आलंय."

"चालत जा जरा," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सवयीनं त्यांची नजर कागदावर गेली. बोटभर उंचीची अक्षरं होती, 'आरोग्य व शारिरीक शिक्षण'. वेलांट्यांची अदलाबदल. 'शारीरिक'मधली पहिली वेलांटी दीर्घ, दुसरी ऱ्हस्व, हा तर त्यांनी तिला दिलेला पहिला धडा. याच शब्दापायी त्यांचं नाव वेलांटीमास्तर पडलं होतं.

त्यांचा हात कानामागे गेला. पेन्सिल डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली होती.

वर फक्त दोन मजले चढायचे होते, आणि आता त्यांना दम लागत नव्हता. मास्तर तिथंच उभे राहिले. पूर्वी असली चूक दिसली की छाती धडधडायची, तळव्यांना घाम सुटायचा. त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं.

बहात्तर.

ते खाली उतरले. यंत्रवाल्यानं कागद घेतला.

"झालं ना सगळं नीट बघून?"

"सही आहे ना तिची."

यंत्र सुरू झालं. मास्तरांनी यंत्रवाल्याचा रिकामा कप उचलला आणि ते जिना चढू लागले.